पट्टीवाले गजभिये आणि पुठ्ठ्याचा वीर

गजभियेवर माझा राग आहे. माणूस आता नाही. इटारसीला मुलीकडे राहायला गेला आणि तिथंच मागल्या उन्हाळ्यात वारला. तरी राग आहे. धंद्यात मला पुष्कळांनी फसवलं, मीही बऱ्याच जणांचं उट्टं काढलं, आणि ती प्रकरणं मिटली. गजभियेनं मला कधीच फसवलं नाही. म्हणून त्याचं प्रकरण मिटत नाही.

माझं रद्दी-भंगाराचं दुकान पांढुर्ण्याला सौंसरच्या रस्त्यावर आहे, बस थांबते तिथून हाकेच्या अंतरावर. दुकानाच्या दारात माणसाहून उंच असा पुठ्ठ्याचा एक वीर उभा आहे. निळा पोशाख, पाठीवर उडणारं लाल कापड, एक मूठ डोक्याच्या वर आभाळाकडे ताणलेली, दुसऱ्या हातात ताटाएवढं पोस्टाचं तिकीट. पायाशी हिंदीत लिहिलंय, 'आ रहा है गगनबाहू! अब हर चिट्ठी उड़ेगी!' त्याच्या गुडघ्याला, कोपराला आणि मानेला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावलेली आहे. नवीन माणूस हसतो आणि विचारतो, पुठ्ठ्याला पट्ट्या कोणी बांधल्या? गजभियेनं बांधल्या.

सुखदेव गजभिये आमच्या दवाखान्यात ड्रेसर होता. जखम धुणं, टाके घातल्यावर पट्टी बदलणं, गळू फोडलं की त्यात वात भरणं, हे त्याचं काम. गाव त्याला पट्टीवाले म्हणायचं. अंगानं वाळका, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, शर्टाच्या खिशात कात्री आणि तिच्या टोकाला कापूस गुंडाळलेला. लग्नात भेटला तरी अंगाला स्पिरिटचा वास. घर सौंसरला, विहाराच्या मागच्या गल्लीत. नोकरीभर त्यानं सौंसर-पांढुर्णा अपडाऊन केलं. बस रिकामी असली तरी बसायचा नाही. दारात उभा, एक हात दांडीला आणि दुसरा बाहेर काढलेला. मी एकदा म्हटलं, "गजभियेभाऊ, पूर्ण तिकीट काढता, मंग सीटवर काऊन बसत नाई?"

"बसलेल्या मानसाले गाव बाजूनं जातानी दिसते, शेट," तो म्हणाला. "मले येतानी पाह्यचं असते. ते पाहा, पांढुर्णा येऊन राहिला."

'येऊन राहिला' हे आम्ही सगळेच म्हणतो. पण गजभियेच्या तोंडात ते जरा जास्तच होतं. नळाचं पाणी, मुलीचा फोन, नागपूरला पेशंट न्यायची गाडी, चहा प्यायला गेलेला कंपाउंडर, सगळं त्याच्या मते येऊन राहिलेलं असायचं. तो उगाच धीर द्यायला म्हणतोय असंही वाटायचं नाही. खरंच कुठंतरी काहीतरी निघालंय आणि ते त्याला इथून दिसतंय, अशा आवाजात तो बोलायचा.

छंदही त्याला याच शब्दामुळे लागला. डाकखान्यातल्या एका बाबूच्या पाठीवर करट झालं होतं. त्यांना चालवत नव्हतं, म्हणून गजभिये दुपारच्या सुटीत तिथंच जाऊन पट्टी बदलून द्यायचा. समोरच्या भिंतीवर पोस्टर होतं. चित्रकथांतल्या वीरांची तिकिटं निघणार होती, त्याची जाहिरात. असली शोभेची तिकिटं मोठ्या शहरांतल्या खिडक्यांवरच मिळतात. आमच्याकडे जाहिरात आली, तिकीट काही पाहायला मिळालं नाही. करट बरं झालं, पोस्टर उतरवायची वेळ आली, तेव्हा गजभियेनं ते मागून घेतलं. दुसरा कोणी असता तर नागपूरला जाऊन तिकीटच घेऊन आला असता.

"तिकीट का हाये," तो म्हणायचा. "थुका लावला, चिकटवलं, गेलं. ह्या कागदाचं तसं नाई. हा सांगून राहिला का तो येऊन राहिला. रोज सांगते, थकत नाई."

मग त्याला कळलं की देशोदेशी अशी तिकिटं निघतात आणि प्रत्येक ठिकाणी त्यांच्या जाहिरातीचा पसारा असतो. पोस्टरं, घडीची पत्रकं, छातीला लावायचे बिल्ले, पुस्तकात घालायच्या खुणेच्या पट्ट्या, पोरांसाठी कागदी मुखवटे, कुठं पुठ्ठ्याच्या टोप्या. त्यानं पत्रं लिहायला सुरुवात केली. इंग्रजी पत्र मुलगी रेखा लिहून द्यायची. मजकूर ठरलेला : आपलं काम झालं असेल आणि हे फेकायचं असेल, तर कृपया फेकू नये. लोक खरंच पाठवायचे. दूरच्या कुठल्याशा देशातून एका म्हातारीनं नवऱ्याच्या सामानातला एक हिरवा मुखवटा पाठवला होता. सौंसरच्या त्याच्या पुढच्या खोलीत आडव्या दोऱ्या बांधलेल्या होत्या, आणि हे सगळं दोऱ्यांवर टांगलेलं. दवाखान्यातून मोडीत निघालेले जुने चिमटे कपडे वाळत घालायच्या चिमट्यांसारखे लावलेले. खाली त्याची बायको शांताबाई तूर निवडत बसलेली असायची आणि डोक्यावर पाच-पंचवीस वीर पंख्याच्या वाऱ्यानं हलत असायचे.

तिकिटाच्या जाहिराती जमवणारा माणूस शहाणा की खुळा, यावर मी मत देत नाही. मी रद्दी घेतो-विकतो. माझ्याकडे याहून खुळे लोक येतात. माझी तक्रार त्याच्या नियमाबद्दल आहे.

पहिल्यांदा तो दुकानात आला तेव्हा गठ्ठे सोडलेले होते. त्यात त्याला एक घडीचं पत्रक सापडलं. वीराच्या मुठीतून तिकिटांची रांग निघतेय असं चित्र. माणसाचे डोळे चमकले की भाव कळतो. तेवढ्यावरच माझं घर चाललंय. मी म्हटलं, "वीस रुपये."

त्यानं पत्रक गठ्ठ्यावर परत ठेवलं. जसं होतं तसं, घडीवर घडी.

"दहा द्या."

"दामाचं नाई जी. हे फुकट वाटलेलं हाये. मांगं लिहिलंय पाहा, निःशुल्क. फुकट वाटलेलं मी दाम देऊन घेत नाई. देऊन टाकाचं असन तं द्या."

"फुकट? काऊन? मी किलोनं तोलून आनलं हाये."

"तुमचं बी बरोबर हाये," तो म्हणाला, आणि गेला.

'तुमचं बी बरोबर हाये' म्हणणाऱ्याशी भांडता येत नाही. मी सायकलवर डबे-बाटल्या गोळा करण्यापासून इथवर आलोय. मला घासाघीस करणारा माणूस समजतो, शिव्या देणारा समजतो, उधार बुडवणारासुद्धा समजतो. पाहिजे असलेली वस्तू हातातून खाली ठेवून जाणारा समजत नाही. ते पत्रक मी शेवटी पुडीला वापरलं, रागानं.

त्याचा दुसरा नियम पहिल्यातूनच आला होता. स्वतःच्या हातचं कामही तो विकायचा नाही. दवाखान्याबाहेर कोणाच्या घरी पट्टी करायला गेला तर चहा घ्यायचा, पैसा नाही. पण त्या घरात त्याच्या कामाचं एखादं पोस्टर किंवा बिल्ला असला तर खुशाल मागायचा. लोधीखेड्याच्या एका शिंप्याच्या मुलानं इंदूरहून असली टोपी आणली होती. शिंप्याच्या पायाची जखम भरल्यावर गजभिये ती टोपी डोक्यावर घालूनच बसच्या दारात उभा राहून आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, मधोमध पात्रात रोवलेलं पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा. दोन्हीकडून गोटे. मी मूळचा सावरगावचा. पांढुर्ण्यात दुकान टाकून जन्म गेला तरी त्या दिवशी मी नदीच्या पलीकडेच असतो. त्या वर्षी एक गोटा भुवईवर बसला. डॉक्टरांनी टाके घातले आणि पट्टीसाठी मला गजभियेच्या खोलीत पाठवलं. तिथं दोन्ही गावची डोकी एकाच बाकावर बसली होती. गजभिये कोणाला गाव विचारत नव्हता. समोर भिंतीवर ते डाकखान्यातलं पहिलं पोस्टर लावलेलं.

"वर पाहा," त्यानं मला सांगितलं आणि रक्तानं चिकटलेला रुमाल ओला करून सोडवायला लागला. "तिकडे पाहा, शेट. तो येऊन राहिला."

आग झाली तशी माझी जीभ सुटली. "कवापासून येऊन राहिला तुमचा तो! इथं डोके फुटून राहिले, अजून आला नाई?"

"आला असता तं पोस्टर काढून टाकलं असतं," गजभिये म्हणाला. बाकावरचं एक पांढुर्ण्याचं डोकं फिसकन हसलं आणि लगेच कळवळलं. एवढ्यात रुमाल निघालेला होता. मला कळलंसुद्धा नाही.

पट्टी बदलायला मला पुढं रोज जावं लागलं. शेवटच्या दिवशी मी खिशात हात घातला तर म्हणाला, "दवाखान्याचं हाये जी, सरकारी." मी म्हटलं, घरी या, एखादं काही रद्दीतून घेऊन जा. तर म्हणाला, "तुमच्याकडचं तोलून आनलेलं असते." याचा मला त्या जखमेपेक्षा जास्त त्रास झाला.

एकदा मात्र आमची एकत्र वारी घडली. मला नागपूरला लोखंड टाकायचं होतं आणि त्याला तिथं तिकिटं-नाणी जमवणाऱ्या लोकांच्या मेळाव्याला जायचं होतं. माझ्या छोट्या गाडीतून गेलो. येताना त्याच्याकडे दोन खोकी पोस्टरं आणि बिल्ले झाले, सगळे लोकांनी दिलेले. निवडणुकीचे दिवस होते. राज्याच्या हद्दीवर तपासणी पथक उभं होतं. एक साहेब, दोन शिपाई, एक फोटो काढणारा.

"डिब्बे में क्या है?"

मी तोंड उघडायच्या आत गजभियेनं खरं तेच सांगितलं. "साहब, टिकट का प्रचार साहित्य है."

साहेबांनी चष्मा काढला. "किसका टिकट?"

"गगनबाहू का."

"ये कौन है? कहाँ से खड़ा है?"

"खड़ा नहीं है साहब. उड़ता है."

मला वाटलं, आता हसतील. कोणी हसलं नाही. शिपायानं खोकं उघडलं. वर पोस्टर, मूठ वर केलेला माणूस, खाली मोठ्या अक्षरात, 'आ रहा है!' दुसऱ्यावर, 'आपका रक्षक, आपके द्वार.' त्याखाली बिल्ल्यांची रास. फोटोवाल्यानं फोटो काढले. साहेबांनी विचारलं, निर्दलीय, म्हणजे अपक्ष आहे का. मी मध्ये पडलो. मी म्हटलं, अहो, पोस्टाचं तिकीट, चिठ्ठीवर लावतात ते, तुम्ही शिकलेले दिसता आणि एवढं कळत नाही? माझा आवाज मोठा आहे आणि तो माझ्या ताब्यात नाही. त्यानंतर गाडीचे कागद, माझे कागद, टायर, सगळं तपासलं गेलं.

गजभियेला वाटलं, हे लोक उन्हात उभे आहेत, त्यांना जरा बरं वाटावं. त्यानं मूठभर बिल्ले उचलले आणि शिपायांपुढे धरले. "लीजिए ना, मुफ्त है."

"बाँटो मत!" साहेब ओरडले. "कैमरे के सामने बाँट रहा है! बाँटो मत!"

पंचनाम्यात उमेदवाराच्या रकान्यात 'प्रत्याशी का नाम : गगनबाहू' असं लिहिलं गेलं. त्यांचंही चुकलं म्हणत नाही. आमच्या भागात टिकट म्हटलं की निवडणुकीच्या दिवसांत एकच अर्थ होतो. मतदान झाल्यावर खोकी नीट दोरी बांधून परत मिळाली. पण माझी गाडी दुपारभर तिथं उभी राहिली आणि परतीचा माल हातचा गेला. मी रागानं गाडी चालवत होतो. गजभिये दाराच्या काचेला नाक लावून बसला होता. सौंसर जवळ आल्यावर म्हणाला, "शेट, सायबानं एकेक कागद उलटून पाह्यला. मांगून बी वाचला. असं कोनी आजपावतो वाचलं नव्हतं."

आता त्या पुठ्ठ्याच्या वीराकडे येतो.

सौंसरच्या एका म्हाताऱ्या स्टेशनरीवाल्यानं दुकान बंद केलं. त्याच्या माळ्यावरचा माल मी उक्ता उचलला. लिफाफे, शाईच्या बाटल्या, आणि या सगळ्यामागं भिंतीला टेकून तोंड फिरवून उभा हा वीर. कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या मांडणीतला असावा. त्याच्या हाती कसा आला ते त्यालाही आठवत नव्हतं. मला बघताक्षणी गिऱ्हाईक कळलं. मी गाडीला आडवा बांधून आणला, दुकानाच्या दारात उभा केला आणि संध्याकाळच्या बसची वाट पाहिली.

गजभिये समोरून आला. थांबला. पिशवी खाली ठेवली. मग जवळ येऊन त्यानं वीराच्या तोंडावरची धूळ रुमालानं पुसली. गुडघ्याला पुठ्ठा चिरला होता, तिथं बोट फिरवलं, जखम चाचपावी तसं. खिशातून चिकटपट्टी काढली, कात्रीनं कापली आणि लावली.

"पाचशे," मी म्हटलं.

"छान उभा हाये," तो म्हणाला, आणि बस पकडून गेला.

त्यानंतर तो रोज यायचा. पाच मिनिटं उभा राहायचा. वाऱ्यानं तिरपा झाला असला तर सरळ करायचा. कोपर सुटलं तेव्हा तिथं पट्टी, मान वाकली तेव्हा आतून बांबूची काडी आणि बाहेरून पट्टी. मागितला एकदाही नाही. मी भाव पाडत गेलो. आयुष्यभर मी समोरच्याचा भाव पाडत आलोय. इथं समोरचा बोलतच नव्हता आणि मी माझाच पाडत होतो. अडीचशे. शंभर. पन्नास. पंख्याखाली बसून मी माझ्याशीच घासाघीस करतोय आणि हा माणूस कात्रीनं पट्टी कापतोय. शेवटी एक दिवस मी उठून त्याच्यासमोर हात पुढं केला.

"एक रुपया द्या, गजभियेभाऊ. एक रुपया. अन् घेऊन जा."

त्यानं माझ्या तळहाताकडे पाहिलं. डॉक्टर पाहतात तसं.

"एक रुपया बी दामच होते, शेट."

"मंग मी फुकट देऊ? मी! आजपावतो दोरीचा तुकडा फुकट देल्ला नाई मी कोनाले!"

"तुमचं बी बरोबर हाये," गजभिये म्हणाला.

तो निवृत्त झाला. दुकानावरून जाणं बंद झालं, तरी आठवड्यातून एकदा सौंसरहून यायचा, पट्टी बघायचा आणि जायचा. मग कळलं की मुलगी त्या दोघांना इटारसीला नेणार आहे आणि घर सोडायचं ठरलंय. त्याआधी विहाराच्या सभागृहात तो सगळ्या जमवलेल्याचं एका दिवसाचं प्रदर्शन मांडणार होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शांताबाई दुकानात आल्या. एकट्या, बसनं. पदराच्या गाठीतून नोटा काढून त्यांनी माझ्या तराजूशेजारी ठेवल्या.

"रेखाच्या बाबाले सांगू नका, शेट. घ्या अन् हा मले द्या. कोनी तरी देऊन गेलं असं सांगीन मी."

"त्यायनं पाठवलं?"

"त्यायनं? त्यायले मालूम झालं तं जेवनार नाई. सभागृहाच्या दारात त्यायनं खडूनं दोन पाय काढून ठेवले हायेत. याच्या पायाचं माप आनलं होतं म्हनते, सुतळीनं. तिथं काही ठेवू देत नाई. म्हनते, तो येऊन राहिला."

नोटा समोर होत्या. मी मागितलेल्या पहिल्या भावाएवढ्या. गिऱ्हाईक स्वतःहून आलेलं, तेही अडलेलं. अशा वेळी माझा हात आपोआप नोटांवर जातो. त्या दिवशी गेला नाही. मला गिऱ्हाईक गजभिये पाहिजे होता. त्याच्या बायकोच्या गाठीतले पैसे घेऊन त्याला खोटं खायला घालायचं, म्हणजे मी जिंकलो असा हिशोब कुठूनच लागत नव्हता.

"उचला हे," मी म्हटलं. "अन् बस पकडा. जा."

त्यांना वाटलं, मी आणखी मागतोय. रडवेल्या होऊन गेल्या.

सकाळी मी वीर गाडीत घातला आणि सौंसरला गेलो. दारात खरंच खडूचे दोन पाय होते, बोटांसकट. आत दोऱ्या, चिमटे, पोस्टरं, मुखवटे, आणि मुलीच्या अक्षरात एकेकाखाली तो कोणी दिला त्याचं नाव. गजभिये धुतलेल्या शर्टात उभा. खिशात कात्री.

"हा विकत नाई," मी मोठ्यानं बोललो, म्हणजे सगळ्यांनी ऐकावं. "भाड्यानं बी नाई. फुकट तं नाईच नाई. हा माझा माल हाये. मी इथं ठेवून जाऊन राहिलो. राखा."

गजभिये जरा विचारात पडला. नियमाला हे कुठं अडतं का, ते तपासत असावा. मग म्हणाला, "राखीन जी."

आम्ही दोघांनी मिळून वीर खडूच्या पायांवर उभा केला. बरोबर बसला. गजभियेनं मानेची पट्टी दाबून पाहिली आणि दोन पावलं मागं गेला. सौंसरची माणसं आत शिरताना वीराच्या बगलेखालून वाकून जात होती. मी दुकान उघडायचं म्हणून निघून आलो. थांबायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची सौंसरची बस आली आणि तिच्यातून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. एकाच्या काखेत पोस्टराची गुंडाळी. एकीच्या पदराला बिल्ला. समोरच्या चहावाल्याच्या डोक्यावर लोधीखेड्याच्या शिंप्याची ती टोपी.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"पट्टीवाल्यायनं देल्लं," चहावाला म्हणाला. "संध्याकाळी सारं वाटून टाकलं. म्हने, फुकट आलं होतं, ज्याले जे आवडते ते घेऊन जा. पंधरा मिनिटांत दोऱ्या खाली! मले हे भेटलं. तुमाले का भेटलं, शेट?"

मी वळलो. दुकान उघडलं, गादी झटकली आणि बसलो. दुपारपर्यंत माझ्या दुकानासमोरून अर्धा पांढुर्णा त्याचा पसारा घेऊन गेला. गोटमारीत मला हसलेलं ते डोकंसुद्धा एक पत्रक घेऊन गेलं. मला राहून राहून वाटत होतं, माझ्यासाठी काहीतरी ठेवलं असेल. तो हिरवा मुखवटा असेल. ते डाकखान्यातलं पहिलं पोस्टर असेल. मी त्याचा वीर त्याच्या दारात उभा केला होता, एवढं तर तो माणूस विसरणार नाही.

मग चहावाला ओरडला, "अबे पाहा, पाहा! येऊन राहिला!"

वळणावरून सौंसरची बस येत होती. तिच्या टपावर वीर आडवा झोपलेला होता, मूठ समोर, लाल कापड मागं, आणि बस खड्ड्यातून गेली की तो जरा वर उचलला जात होता. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. गजभिये नेहमीसारखा दारात उभा होता, एक हात दांडीला, दुसरा बाहेर.

त्यानं आणि क्लीनरनं मिळून वीर खाली उतरवला. गजभियेनं तो दुकानाच्या दारात जुन्या जागी उभा केला. सगळ्या पट्ट्या नवीन होत्या.

"पाहून घ्या, शेट. जसाचा तसा हाये."

"साऱ्यायले वाटलं म्हनते."

"हो जी. घर खाली करून राहिलो."

"अन् मले?"

"तुमचं तुमाले आनून देल्लं ना."

"मले काही फुकट देऊ वाटलं नाई तुमाले? साऱ्या गावाले देल्लं!"

"देल्लं असतं," तो म्हणाला. "पन तुमी विकलं असतं, शेट."

मी विकलं असतं. त्यात खोटं काय होतं? पण तोंडावर सांगायची गरज होती का? माझं डोकं तापलं. तापलेल्या डोक्यानं मी जे बोललो ते मी आयुष्यात आधी किंवा नंतर कोणाला बोललेलो नाही.

"मंग हा घ्या! घ्या, घेऊन जा इटारसीले. एक रुपया नको, काही नको. फुकट! देल्ला तुमाले!"

गजभियेनं माझ्याकडे पाहिलं. मग वीराकडे, खालपासून मुठीपर्यंत.

"रेखाचं घर लहान हाये जी," तो म्हणाला. "छत बुटकं. याले वाकवा लागन. आता वाकवून कुठं उभा करता? इथं राहू द्या. येनाऱ्यायले दुरून दिसते."

त्यानं वीराला थोडं फिरवलं, तोंड सौंसरच्या रस्त्याकडे केलं, खांद्यावरची धूळ झटकली. परतीची बस निघत होती. तो चालत जाऊन चढला.

"अहो, फुकट म्हटलं मी!" मी मागून ओरडलो. "गजभियेभाऊ! फुकट!"

माझा आवाज मोठा आहे. चहाच्या दुकानातली माणसं उठून धावत आली. मागून एक हमाल आला, एक बाई पिशवी घेऊन आली. "काय फुकट हाये, शेट? काय वाटून राहिले?"

"काही नाई," मी म्हटलं. "जा."

बस वळणाकडे गेली. अर्ध्याहून जास्त सीटा रिकाम्या होत्या. गजभिये दारात उभा होता, तोंड सौंसरकडे, आणि बाहेर काढलेला हात सरळ समोर.